गिटारचा पाट

वाशीमच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या बाजूने जिना चढून गेलं की माळ्यावर एक लहान खोली लागायची. तिथे मी रेडिओ दुरुस्त करायचो. वडिलांना ते पसंत नव्हतं. आम्ही जैन, आमच्यात पोरगा मिसरूड फुटलं की गादीवर बसायचा, आणि मी अकोल्याला एका रेडिओवाल्याकडे दोन वर्षं राहून तारा जोडायला डाख द्यायला शिकून आलो होतो. वडील खालून म्हणायचे, "वर काय करून राह्यला बावा, तुले अन् त्या डब्यालेच माहीत." पण त्यांनी ती खोली मला दिली आणि तिथे विजेचा दिवाही जोडून दिला. मी पंचविशीत होतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता.

ज्याच्याविषयी सांगायचं आहे तो माझा मित्र अनसिंगच्या शाळेत मास्तर होता. मूळचा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. आईबाप हंगाम आला की कामाला बाहेर जायचे, म्हणून हा लहानपणापासून वसतिगृहात वाढला. तिथल्या एका शिक्षकाकडे हवाईयन गिटार होती. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार धरून तो तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. हा त्या शिक्षकाचे कपडे धुवायचा, खोली झाडायचा आणि त्या बदल्यात शिकायचा. शिक्षक बदलून गेला तेव्हा गिटार याला देऊन गेला.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला तो गिटारला आवाज लावून मागायला. मी जुन्या रेडिओतून एक ॲम्प्लिफायर काढून दिला. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या मोटारीने तो यायचा आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जायचा. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, त्यामुळे तो नेहमी जेवूनच जायचा. आई त्याला वाढताना विचारायची, "मास्तर, पोरगी काय म्हणते?" त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

गावात एक ऑर्केस्ट्रा होता. सहा जण. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर गायचा आणि तोच मालक. लग्नं, गणपती, शाळांची संमेलनं. माझा मित्र त्यात गिटार वाजवायचा, आणि लोक पेंटरपेक्षा त्याच्यासाठी जास्त थांबायचे, हे पेंटरलाही माहीत होतं. त्याची एक खुबी होती. तार छेडताना तो आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि छेडून झाल्यावर उजव्या हाताच्या करंगळीने, मी गिटारवर बसवून दिलेलं व्हॉल्यूमचं बटन हळूच फिरवायचा. त्यामुळे तार तुटक वाजायची नाही, सूर कुठून तरी आत यायचा. डावा हात बार थोडा थरथरवायचा, की त्या सुराला कंप यायचा. मी बाजूला बसून ॲम्प्लिफायर सांभाळायचो. पुष्कळदा मी गाणं ऐकायचोच नाही, त्या करंगळीकडे बघत बसायचो.

एका उन्हाळ्यात, शाळेला सुटी लागली तशी तो एका रविवारी आला आणि म्हणाला, "करंगळी थकते बावा आजकाल. बटनापर्यंत पोचतच नाई. हे पायानं करता येईन का?"

"काय, व्हॉल्यूम?"

"व्हॉल्यूम बी अन् कंप बी. दोनी पायानं पाह्यजे. हात निस्ते वाजवायले राहू दे."

मग त्यानेच सांगितलं की अकोल्यात एका गिटारवाल्याकडे असलं सामान आहे. फॉरेनचं. तीन पेट्या एका लाकडी फळीवर बसवलेल्या, पायाने चालवायच्या. तो माणूस नोकरीवर नागपूरला जातो आहे, वाजवणं सोडतो आहे आणि सगळं विकून टाकतो आहे.

पुढच्याच आठवड्यात आम्ही अकोल्याला गेलो. त्या गिटारवाल्याने झाकणाची पेटी उघडली. आत तीन पेट्या ओळीने बसवलेल्या होत्या: एक आवाज चढवायची-उतरवायची, एक कंपाची आणि एक इकोची. इकोची म्हणजे सूर वाजला की मागून त्याचीच पुन्हा पुन्हा साद यायची. माझ्या मित्राने चप्पल काढली, गिटार मांडीवर घेतली आणि उजवा पाय पहिल्या पेटीवर ठेवला. सुरुवातीला पाय घाईघाईने पडत होता, नंतर जमलं. तास दीड तास तो वाजवत बसला. घरातल्या बाया स्वयंपाक सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. तो माणूस म्हणाला, "आजच घेऊन जा. सोमवारी अमरावतीचा एक जण येऊन राह्यला पाहायले."

पैशाचा प्रश्न नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पैसे तो बरोबर घेऊनच आला होता, शर्टाच्या आतल्या खिशात.

मी त्या माणसाची परवानगी घेऊन कंपाच्या पेटीचे चार स्क्रू काढले आणि आत पाहिलं. आत पाहिलं आणि मला हसू आलं. दोन ट्रान्झिस्टर, एक दिवा आणि मूठभर किरकोळ माल. हे असलं तर मी जेवता जेवता केलं असतं. मी मित्राला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"हे नको घेऊ. मी करून देतो."

"तयार हाय ना इथी. वाजवून पायलं मी."

"बिघडलं तं? नागपूरले घेऊन जाशीन? याच्यातलं एक बी सामान इथी भेटत नाई."

"मले लवकर पाह्यजे."

"किती लवकर?"

"लवकर म्हंजे लवकर, बावा."

"एक महिना दे मले. याच्याहून चांगलं करतो. तीनी. इको बी."

तो आत गेला, गिटारवाल्याला "कळवतो" म्हणाला आणि आम्ही मोटार स्टँडवर आलो. चहा घेताना त्याने मधेच दोनदा गिटारवाल्याच्या घराच्या रस्त्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "बरं. तूच कर. तुह्या हातचं असन तं बिघडलं तरी तू हायेस."

मला त्या वेळी केवढा आनंद झाला! गावात लोक मला रेडिओवाला म्हणायचे, म्हणजे दुसऱ्याने केलेली वस्तू दुरुस्त करणारा. पहिल्यांदाच मी स्वतःची वस्तू करणार होतो, आणि ती अकोल्याच्या फॉरेनच्या मालापेक्षा चांगली होणार होती. मित्राला काय हवं होतं ते मी ऐकलं होतं, पण मनात घोळत होतं ते एवढंच.

आईकडून एक जुना सागवानी पाट मागून घेतला. जेवायला बसायचा, रुंद, पितळी फुल्या ठोकलेला. त्याच्यावर सगळं बसवायचं ठरवलं. व्हॉल्यूमसाठी एक फळी बिजागरीवर बसवली आणि रेडिओच्या काट्याला असते तसली दोरी बटनावर गुंडाळून फळीला बांधली. पाय दाबला की दोरी ओढली जायची आणि बटन फिरायचं. कंपासाठी लुकलुकणारा दिवा एका डबीत बंद केला; तो लुकलुकेल तसा आवाज कमी-जास्त व्हायचा. ही दोन्ही कामं तीन आठवड्यांत झाली. तो रविवारी आला तेव्हा मी त्याला वाजवून दाखवायला लावलं. फळी थोडी करकरत होती, एरवी अगदी बरोबर चालली.

"झालं की!" तो म्हणाला. "मी घेऊन जातो हे."

"इको राह्यला."

"इको राहू दे. हे दोन दे मले."

"अर्धवट नाई देत मी."

त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. मी चेष्टा करत नव्हतो. पाट ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा जाईल तेव्हा तीनही गोष्टी त्यावर हव्यात, पेंटरने आणि बाकीच्यांनी तोंडात बोट घालायला हवं, असं माझं स्वप्न होतं. इको टेपवर करायचा होता. टेपचा एक गोल फेरा जोडून तो सारखा फिरत ठेवायचा. एका ठिकाणी सूर टिपायचा आणि थोडं पुढे तोच ऐकवायचा. सांगायला सोपं आहे. पण टेप सुटायची, ताणायची, आवाज डगमगायचा. मुंबईहून मोटर मागवली, ती वेगळ्याच वेगाची निघाली. दुसरी मागवली. पोळा झाला, गणपती झाले. गणपतीत ऑर्केस्ट्राचे चार कार्यक्रम होते, त्यात मित्र पूर्वीसारखाच बटनावर करंगळी टेकवून वाजवत होता आणि एका कार्यक्रमात पेंटर त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, झोप लागली काय?" सूर येतच नव्हता. मी पाहिलं, त्याने करंगळी दुसऱ्या हाताने उचलून बटनावर ठेवली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो माझ्यासमोर बसून एक पत्रा धरत होता आणि मी डाख लावत होतो. त्याच्या मुलीला अक्षरं येऊ लागली होती, त्याचं तो सांगत होता. मला जळल्याचा वास आला. पहिल्यांदा वाटलं वायरचं रबर. मग खाली पाहिलं. तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवरून घसरून त्याच्या हाताखाली गेलं होतं, आणि त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या आयर्नवर टेकलेली होती. तो अजून मुलीचं सांगतच होता.

मी हात ओढून बाजूला केला. कातडी आयर्नला चिकटून राहिली.

त्याने बोटं पाहिली. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघही नाही. मग तो घाईघाईने हसला. "वावरात कामं केलेला हात हाय. घट्टे पडले. काई होत नाई." आणि बाही खाली ओढली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कितीतरी महिन्यांत मी त्याच्या बाह्या वर केलेल्या पाहिल्या नव्हत्या, भर उन्हाळ्यातसुद्धा.

आमच्या दुकानासमोर सरकारी दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं: अंगावर न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा असल्यास दवाखान्यात दाखवा. खाली त्या रोगाचं नाव. रोज दुकान उघडताना ती भिंत समोर असायची. त्या संध्याकाळी तो गेल्यावर मी खिडकीत उभा राहून ती ओळ पुन्हा वाचली. मग खाली मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. पुन्हा धुतले. आई म्हणाली, "काय सांडलं रे हातावर?" मी म्हणालो, "तेल."

मी त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या रविवारीही नाही आणि तिसऱ्याही नाही. त्याला घेऊन दवाखान्यात जायला आमच्या जिन्यापासून चार मिनिटं लागली असती. का नाही गेलो याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. खरं इतकंच की मी भ्यालो होतो. मला वाटत होतं, शब्द तोंडातून काढला की तो आमच्या घराला चिकटेल. दुकानात गिऱ्हाईक येणार नाही. आई त्याला ज्या ताटात वाढत होती त्या ताटाचं काय, हे मी रात्रंदिवस मनात घोळवत होतो. हा रोग इतक्या सहज लागत नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा विचारायलाही मी कुणाकडे गेलो नाही.

केलं ते एवढंच. आईला सांगितलं की मास्तर आता जेवायला थांबणार नाहीत, त्यांना लवकरची मोटार असते. त्याला सांगितलं की घरी पाहुणे आहेत. वर चहा यायचा तेव्हा त्याच्यासाठी एक वेगळा कप ठेवला, कान तुटलेला, जो मी नंतर स्वतः धुऊन खिडकीच्या बाहेरच्या अंगाला ठेवायचो.

तिसऱ्या रविवारी त्याने तो कप हातात घेऊन फिरवून पाहिला.

"कप बदलला तू."

"फुटले बाकीचे."

"हो का," तो म्हणाला आणि चहा प्याला. त्यानंतर तो रविवारी येईनासा झाला. शाळेत परीक्षा आहेत असा निरोप पाठवला. मला बरं वाटलं, आणि इकोचं काम मी पंधरा दिवसांत पुरं केलं. तो समोर नसताना हात चांगला चालत होता.

माघात ऑर्केस्ट्राची तालीम होती, धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत, भर दुपारी. मी पाट घेऊन गेलो. सगळे भोवती जमले. पेंटरने खाली वाकून दोरी, दिवा, फिरणारी टेप पाहिली आणि म्हणाला, "हे तुमी घरी बनवलं?" मी ज्याची वाट पाहत होतो तेच वाक्य होतं ते.

मित्र आला, बसला. चप्पल काढून पाय फळीवर ठेवला. आणि वाजलं. मी ते कसं सांगू! सूर आत आला, त्याला कंप चढला आणि मागून त्याचीच साद फिरत राहिली. धर्मशाळेत उतरलेले दोन प्रवासी उठून दारात आले. साधारण एक अंतरा झाला असेल. मग त्याच्या डाव्या हातातून बार निसटला आणि तारांवर आपटून फरशीवर पडला. त्याने उचलला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तो उचलताना त्याच्या बोटांना बार धरताच येईना. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून राहिली होती, दोन्ही हातांची. उजव्या हातावर भाजल्याची जखम अजून ओली होती.

ढोलक वाजवणारा आमच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होता. तो उठून जवळ आला. "मास्तर, हात दाखवा बरं."

"काई नाई. भाजलं."

"दाखवा तं खरं." त्याने हात हातात घेतला. त्याने घेतला, हे मला सांगितलंच पाहिजे. मी तीन महिन्यांत एकदाही घेतला नव्हता. "आता डोये मिटा. अन् सांगा कोठी लागलं ते."

त्याने खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला आणि त्याच्या टोकाने करंगळीला टोचलं. मित्र डोळे मिटून बसला होता. मग तळहाताच्या कडेला टोचलं, मग मनगटाच्या वर. रक्ताचा ठिपका आला.

"लावलं का काई?" मित्राने विचारलं.

पेंटर दोन पावलं मागे सरकला. मग तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी तं दर रविवारी संग बसता. तुमाले काई दिसलं नाई?"

मित्राने डोळे उघडले आणि तोही माझ्याकडे पाहू लागला. त्याला माहीत होतं. कपाच्या दिवसापासून माहीत होतं. एक शब्द म्हणाला असता तर मी तिथेच आडवा झालो असतो.

"नाई," मी म्हणालो. "मले काय माहीत."

मित्राने गिटारची वायर काढली, कोपरावर गुंडाळली, गिटार खोळीत घातली. बोटांनी बंद बांधता येत नव्हते. ढोलकवाल्याने बांधून दिले. जाताना पाटाकडे बोट करून मला म्हणाला, "हे राहू दे तुह्याजवळ." पाट मी घरी नेला. वर्तमानपत्राचा कागद मधे धरून उचलला, कारण त्याचा उघडा पाय त्यावर होता.

पुढचं भराभर झालं. दवाखान्यात नाव लिहिलं गेलं. अनसिंगला बातमी त्याच्या आधी पोचली होती. लोकांनी पोरं शाळेत पाठवणं बंद केलं आणि हेडमास्तरने त्याला बिनमुदतीच्या रजेवर पाठवलं. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. दवाखान्यातून त्याला दूरच्या एका रोग्यांच्या संस्थेत पाठवण्यात आलं. त्याला निरोप द्यायला स्टेशनवर मी गेलो नाही. ढोलकवाला गेला होता, त्याने सांगितलं.

पाट आठवडाभर माळ्यावर पडून होता. मग एका दुपारी मी तो मोडला. दोन ट्रान्झिस्टर एका गिऱ्हाइकाच्या रेडिओत बसवले, मोटर विकली आणि लाकूड परसात जाळलं. आई बघत होती. ती म्हणाली, "सागवानी होता रे." मी म्हणालो, "कीड लागली होती."

चैत्रात त्याची बायको आली. मुलीला कडेवर घेऊन, बरोबर एक पत्र्याची पेटी. ती माहेरी निघाली होती, मानोऱ्याकडे, आणि मधे मोटार बदलायला वाशीमला उतरली होती. जिना चढून वर आली. मी तिला स्टूल दिलं, ती खालीच बसली.

"भाऊ, एक इचारू का? खरं सांगसान?"

"विचारा."

"तुमाले कवा समजलं?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलवेना. "दिवाळीनंतर," मी म्हणालो. "हात भाजला तवा."

ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "डॉक्टर म्हणत होते, आंधी आले असते तं कदाचित डावा हात वाचला असता." आवाजात काहीच नव्हतं. "मी तं रोज संग होती. मले म्हणत, खडूनं हात फाटते. मी तेल लावून देत होती."

मी म्हणालो, "वयनी, मी सांगायले पाह्यजे होतं."

"हो," ती म्हणाली. एवढंच. मग उठताना तिने विचारलं, "ते तुमी बनवत होते ते काय झालं? त्याईनं इचारायले सांगतलं व्हतं."

"मोडलं."

"बरं. सांगीन त्याईले." आणि ती मुलीला घेऊन जिना उतरली.

दीड वर्षाने मी त्याला भेटायला गेलो. आधी दोन पत्रं टाकली होती, उत्तर आलं नव्हतं. तिथे गेल्यावर कळलं, तो लिहू शकत नव्हता. झाडाखाली तो रोग्यांच्या पोरांना पाढे शिकवत होता. हातांना पट्ट्या होत्या. मला पाहून त्याने पोरांना सोडलं.

"ये बावा. बस."

मी सगळं एका दमात बोललो. भिंतीवरची ओळ, कप, धर्मशाळेतलं खोटं. त्याने ऐकून घेतलं.

"मले माहीत व्हतं ना तुले माहीत हाय ते," तो म्हणाला.

"मंग सगळ्यायसमोर काहून नाई म्हटलं?"

"काय म्हणू? मी सोता कोणाले म्हणत नव्हतो. भिंत तं मले बी वाचता येत व्हती. अकोल्याले गेलो ना आपण, त्याच्या आंधीपासून चट्टा होता दंडावर. म्हणून तं घाई होती. मले वाटे, वरीसभर तरी वाजवता येईन. पायानं केलं तं कोणाले समजणार नाई."

मी त्याच्या पायांकडे पाहत राहिलो.

"कपाचा राग नाई मले तुह्यावर. खोटं बोलला त्याचा बी नाई. तुह्या जागी मी असतो तं मी बी तसाच असतो." त्याने पट्ट्या बांधलेले हात गुडघ्यावर ठेवले. "पण ते अकोल्याचं घेऊ देलं असतं तं बरं झालं असतं बावा. तयार व्हतं. गणपती झाले असते, दिवाळी झाली असती. तीन आठवड्यात तुह्यं बी झालतं. दोन तं दे म्हटलं मी तुले. काहून नाई देलं?"

मी खरं होतं ते सांगितलं. "मले वाटे, पूरं झाल्यावर लोकं पायतीन."

"हं," तो म्हणाला. मग घंटा वाजली, जेवणाची. तो उठला. मला जेवायला थांब म्हणाला नाही आणि मीही थांबलो नाही.

गोळ्यांनी तो पुढे बरा झाला. म्हणजे रोग गेला, बोटं तशीच राहिली. अनसिंगच्या शाळेने त्याला परत घेतलं नाही. संस्थेतच त्याला शिकवायचं काम मिळालं आणि काही वर्षांनी बायको-मुलगी तिथे राहायला गेल्या. गिटार त्याने ढोलकवाल्याच्या हाती एका वसतिगृहाला पाठवून दिली, असं ऐकलं. ऑर्केस्ट्रा त्याच्याशिवाय एक हंगाम चालला आणि बंद पडला. मी वडिलांच्या गादीवर बसू लागलो. त्यांनी कारण विचारलं नाही, गादीवर जागा करून दिली.

पुन्हा भेटायला मी कधीच गेलो नाही. दर वर्षी दिवाळीत जायचं ठरवायचो. मग एकदा त्याच्या मुलीचं पत्र आलं. ती नर्स झाली होती. वडील गेले, दहा दिवस झाले, तुमचा पत्ता त्यांच्या वहीत होता म्हणून कळवते, असं तीन ओळींत लिहिलं होतं. मी उत्तर लिहायला बसलो. मजकूर सुचेना. आठवडा गेला, महिना गेला, मग इतक्या उशिरा काय लिहायचं असं वाटू लागलं, आणि ते राहूनच गेलं.